कोंबडीच्या रक्तातील न्यूक्लिओसोममधले अंतर: १४७, १६७ की २००?

पावसची_वाट (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी क्रोमॅटिनचा, म्हणजे केंद्रकात प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा, विषय घेतला असून (त्यातला एकेक मणी म्हणजे न्यूक्लिओसोम) पेशी म्हणून कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशी निवडल्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींमध्ये केंद्रक शाबूत असते, आणि सकाळी लवकर बाजारात गेले की ताजे रक्त मिळते, एवढेच त्यामागचे कारण. केंद्रके वेगळी करून त्यांवर मायक्रोकोकल न्यूक्लिएज हे डीएनए कापणारे विकर आम्ही ३७ अंशांवर सोडले, ठरावीक वेळेनंतर ईडीटीए (विकराला लागणारे कॅल्शियम धरून ठेवणारे रसायन) घालून क्रिया थांबवली, प्रथिने काढून टाकली आणि उरलेला डीएनए तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या अ‍ॅगरोजच्या जेलवर चालवला. पुस्तकात दाखवतात तशी पट्ट्यांची शिडी दिसली तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला.

आनंद आकडेमोड सुरू होईपर्यंतच टिकला. दोन मिनिटांच्या नमुन्यातील पट्ट्यांची लांबी आम्ही मार्करशी (लांबी ठाऊक असलेल्या तुकड्यांशी) ताडून खालून वर अशी मोजली: १६५, ३७५, ५८३, ७९४ आणि १००३ बेसजोड्या (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक). पहिली पट्टी एका न्यूक्लिओसोमची, दुसरी दोघांची, या हिशेबाने प्रत्येक लांबीला तिच्या क्रमांकाने भागले, तर उत्तर दर वेळी वेगळे येते: १६५, १८७, १९४, १९८ आणि २००. म्हणजे शिडीत जसजसे वर जावे तसतसे न्यूक्लिओसोम एकमेकांपासून लांब सरकतात असे म्हणायचे का? ते तर उघडच हास्यास्पद आहे.

त्यात पुस्तकांनी भर घातली आहे. एका ठिकाणी १४७ लिहिले आहे, दुसऱ्या ठिकाणी १६७, तिसऱ्या ठिकाणी २००, आणि यीस्टसाठी १६५. माझे प्रश्न असे आहेत. यांतला कोणता आकडा कशाचा? हे अंतर ठरवते कोण, डीएनएचा क्रम, हिस्टोन प्रथिने की आणखी काही? आणि आकृत्यांमध्ये मणी जसे सारख्या अंतरावर ओवलेले दाखवतात तसे ते खरोखरच असतात का?

जांभा_चिरा

आपले मोजमाप उत्तम आहे. चूक भागाकारात आहे, आणि ती बहुतेक जण एकदा तरी करतात. आकडे कशाचे ते आधी पाहू, म्हणजे भागाकार का फसला ते आपोआप कळेल.

१४७ हा गाभ्याचा आकडा आहे. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठ प्रथिनांचा गड्डा होतो आणि त्याच्याभोवती डीएनए डाव्या वळणाने सुमारे पावणेदोन वेढे घेतो. या वेढ्यांत मावणारी लांबी १४५ ते १४७ बेसजोड्या असते. ल्युगर, रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली २.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने या गाभ्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. हा आकडा यीस्टपासून माणसापर्यंत बदलत नाही.

१६७ च्या आसपासचा आकडा गाभा अधिक जोडहिस्टोन, म्हणजे एच१, यांचा आहे. डीएनए जिथून गड्ड्यावर चढतो आणि जिथून उतरतो त्या तोंडाशी एच१ बसतो आणि आणखी सुमारे २० बेसजोड्यांना विकरापासून आडोसा देतो. म्हणून विकराचे कापणे, म्हणजे पचन, चालू असताना लांबी १६७ च्या आसपास थोडी रेंगाळते आणि मग १४७ कडे उतरते. गर्भवतीच्या रक्तातील मोकळ्या डीएनएवरून जी चाचणी करतात त्यातही तुकड्यांची सर्वाधिक आढळणारी लांबी १६७ च्या जवळपासच असते. मरणाऱ्या पेशींतला डीएनए कापला जातो तो न्यूक्लिओसोमच्या मधोमध नव्हे, दोहोंच्या मधल्या जागेत, हे त्याचे कारण आहे.

२०० हा पुनरावृत्तीचा आकडा आहे: एका न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे गाभा आणि मधला जोडडीएनए मिळून. बदलतो तो हाच, आणि तोही केवळ जोडडीएनए बदलतो म्हणून.

आता आपली शिडी. आगरात एका रांगेत माड लावले आहेत असे समजा. त्यातला चार माडांचा तुकडा वेगळा काढला तर त्यात माड चार असतात, पण पुरे गाळे तीनच असतात. दोन्ही टोकांना अर्धवट उरलेली जमीन किती राहील ते कुदळ कुठे पडली त्यावर ठरते. आपले विकरही तसेच वागते. ते आधी मधल्या जोडात घाव घालते आणि नंतर उघडी टोके कुरतडत बसते. म्हणून प्रत्येक तुकड्याची लांबी म्हणजे क्रमांक गुणिले पुनरावृत्ती, उणे कुरतडलेला भाग. हा उणे भाग एका तुकड्यातही तेवढाच आणि पाच तुकड्यांतही साधारण तेवढाच असतो. क्रमांकाने भागले की तो लहान तुकड्यांत मोठा दिसतो आणि मोठ्या तुकड्यांत विरत जातो, म्हणून आपली उत्तरे १६५ पासून २०० कडे चढत गेली.

यावर उपाय असा की भागाकार करूच नये. आडव्या अक्षावर क्रमांक आणि उभ्या अक्षावर लांबी घेऊन बिंदू मांडावेत, त्यांतून सरळ रेषा काढावी आणि तिचा चढ मोजावा. आपल्या आकड्यांचा चढ मी तोंडी काढला: १००३ उणे १६५, भागिले ४, म्हणजे २०९ आणि थोडे. कोंबडीच्या तांबड्या पेशींसाठी सर्वमान्य आकडा २१० च्या आसपास आहे. बाजारातून आणलेल्या रक्तावर इतके जवळ येणे ही साधी गोष्ट नाही. रेषा उभ्या अक्षाला शून्याखाली सुमारे ४५ वर छेदेल. तेवढा डीएनए टोकांवरून कुरतडला गेला आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९७३ साली हेविश आणि बर्गोइन यांनी ऑस्ट्रेलियात उंदराच्या यकृताच्या केंद्रकांत अशी शिडी पाहिली तेव्हा त्यांनी बाहेरून विकर घातलेही नव्हते; केंद्रकातल्या स्वतःच्याच विकराने डीएनए ठरावीक टप्प्यांवर कापला होता. पुढच्या वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी सुमारे २०० बेसजोड्या आणि आठ हिस्टोन असे एकक मांडले, आणि त्याच सुमारास ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी चित्रे टिपली. आपण जेलवर जे पाहिले तेच त्या सगळ्या विचाराचे मूळ आहे.

तिठ्यावरचा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते सरळ आहे: डीएनएचा क्रमच अंतर ठरवतो. डीएनए गड्ड्याभोवती घट्ट वाकवायचा तर दर दहा-साडेदहा बेसजोड्यांनी येणारी आतली बाजू सहज दबणारी हवी, आणि डीएनएच्या ए आणि टी या अक्षरांच्या एए, टीटी, टीए या जोड्या तिथे सोयीच्या पडतात. विशेष म्हणजे हे १९८६ साली सॅचवेल, ड्र्यू आणि ट्रॅव्हर्स यांनी कोंबडीच्याच तांबड्या पेशींतून मिळवलेल्या १७७ गाभ्यांचा क्रम वाचून दाखवले होते. उलट सलग ए आणि टी यांच्या लांब पट्ट्या ताठ असल्याने त्यांवर न्यूक्लिओसोम बसायला नाखूश असतो. लोवरी आणि विडम यांनी शोधलेला ६०१ क्रमांकाचा क्रम तर हिस्टोनांना इतका घट्ट धरतो की जगभरच्या प्रयोगशाळा तोच वापरतात. २००६ साली यावरून जनुकसंचात न्यूक्लिओसोमसाठी स्वतंत्र संकेतलिपी आहे असेही मांडले गेले. मग आणखी कोणाला शोधायचे?

हर्णैची_खाडी

तिठ्यावरचे, आपण दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. एखादा न्यूक्लिओसोम कुठे बसेल, आणि शेजारचा त्याच्यापासून किती अंतरावर बसेल, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्यात क्रमाचा वाटा मोठा आहे, विशेषतः डीएनएची कोणती बाजू आत वळेल आणि कोणती बाहेर याबाबतीत. दुसऱ्यात तो फारच थोडा आहे, आणि इथे ताईंनी विचारले आहे ते दुसऱ्याबद्दल.

साधा पुरावा असा की एकाच प्राण्याच्या सर्व पेशींत डीएनएचा क्रम एकच असतो, पण पुनरावृत्ती एक नसते. सस्तन प्राण्यांच्या यकृतात ती १९५ ते २०० च्या दरम्यान सापडते, तर मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींत १६५ च्या जवळ येते. त्याच मेंदूतील आधारपेशींत मात्र ती पुन्हा २०० च्या आसपास असते. शिवाय चेतापेशींतले हे आखूड अंतर जन्मापासूनचे नसून ते नंतर आखडत जाते. क्रम तोच असताना हे घडते, त्यामुळे मोजपट्टी क्रमाच्या बाहेर कुठेतरी असली पाहिजे.

दुसरा पुरावा मला अधिक आवडतो. ह्यूझ आणि रँडो यांच्या गटाने दुसऱ्या जातीच्या यीस्टचा डीएनए घेऊन तो आपल्या पावाच्या यीस्टमध्ये घातला. त्या दुसऱ्या जातीत अंतर जास्त असते. पाहुणा डीएनए नव्या घरी आला आणि त्याने यजमानाचे अंतर स्वीकारले. स्वतःचे माहेरचे अंतर सोबत आणले नाही. पुढे २०१५ मध्ये त्यांनी केवळ एक प्रथिन, सीएचडी१, दुसऱ्या जातीचे आणून पावाच्या यीस्टमध्ये बसवले, तेव्हा यजमानाच्या स्वतःच्या डीएनएवरचे अंतरही वाढले. याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

सीएचडी१ हे एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रसायन) खर्च करून न्यूक्लिओसोम सरकवणाऱ्या यंत्रांपैकी एक आहे. आयएसडब्ल्यू१, आयएसडब्ल्यू२ आणि आयएनओ८० ही त्याच कामातली आणखी काही नावे, आणि फळमाशीत १९९७ साली सापडलेला एसीएफ हा त्याच घराण्यातला. त्यांचे काम समजायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. पाने मांडणारा भिंतीपासून सुरुवात करतो. पहिले पान भिंतीला धरून पडते, मग तो वीत मोजून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे मांडत जातो. पान कोणत्या फरशीवर पडते याची त्याला पर्वा नसते, त्याला मागच्या पानापासूनचे अंतर कळते. ही यंत्रेही न्यूक्लिओसोमच्या दोन्ही बाजूंना मोकळा डीएनए किती आहे ते चाचपतात आणि जिकडे तो जास्त असेल तिकडे न्यूक्लिओसोम ढकलतात. हे सतत चालू राहिले की दोन्हीकडची जागा सारखी होत जाते. आणि प्रत्येक मांडणाऱ्याची वीत निराळी असते. यीस्टमध्ये सीएचडी१ शेजाऱ्यांना जवळ ठेवू पाहतो, आयएसडब्ल्यू१ थोडे लांब, आणि दोघांच्या ओढाताणीतून जे निघते ते आपण मोजतो. २०११ साली ओवेन-ह्यूझ यांच्या गटाने ही दोन्ही एकदम काढून टाकली तेव्हा जनुकांच्या अंगातली ती सुबक रांग मोडून गेली.

भिंतही महत्त्वाची आहे. यीस्टच्या जनुकाच्या तोंडाशी सुमारे १५० बेसजोड्यांचा न्यूक्लिओसोम नसलेला पट्टा असतो. काही नियामक प्रथिने आणि आपण सांगितलेल्या ए-टीच्या ताठ पट्ट्या तो मोकळा ठेवतात. क्रमाची खरी कामगिरी तिथे आहे. त्या पट्ट्याला लागून पहिला न्यूक्लिओसोम पक्का बसतो, दुसरा थोडा कमी पक्का, आणि सातव्या-आठव्यापर्यंत जाता जाता रांग विस्कटते. कॉर्नबर्ग आणि स्ट्रायर यांनी १९८८ मध्ये दाखवले की अडसर असेल आणि गर्दी पुरेशी असेल तर नुसत्या संभाव्यतेने देखील अशी रांग तयार होते. मात्र गर्दीने बनलेल्या रांगेत माणसे कमी झाली की अंतर वाढायला हवे, आणि सरकवणारी यंत्रे असताना ते तसे सहजी वाढत नाही. म्हणून एकटी गर्दी पुरत नाही, मोजणारा लागतोच.

हे प्रयोगनळीतही सिद्ध झाले आहे. शुद्ध डीएनए आणि शुद्ध हिस्टोन मिठाच्या द्रावणात घेऊन मीठ हळूहळू कमी केले तर न्यूक्लिओसोम बनतात, पण नियमित अंतरावर बसत नाहीत. २०११ मध्ये त्यात यीस्टचा अर्क आणि एटीपी घातले, तेव्हा जनुकांच्या तोंडाशी रांगा उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये कॉर्बर यांच्या गटाने अर्काऐवजी मोजकी शुद्ध प्रथिने वापरून हेच पुन्हा करून दाखवले. एटीपी काढून घ्या, रांग होत नाही. क्रम तोच असतो, हिस्टोन तेच असतात.

तिठ्यावरचा

मान्य. यजमानाच्या घरच्या अंतराचा प्रयोग मला ठाऊक नव्हता. पण मग कोंबडीत २१० आणि यीस्टमध्ये १६५ हा एवढा फरक फक्त सरकवणाऱ्या यंत्रांच्या विती वेगळ्या म्हणून होतो का? पंचेचाळीस बेसजोड्या म्हणजे डीएनएच्या स्वतःच्या पिळाच्या चारहून थोड्या अधिक वेढ्यांचा फरक झाला.

जांभा_चिरा

नाही, तिथे जोडहिस्टोन येतो, आणि कोंबडीचे रक्त निवडणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवे. डीएनएवर ऋण भार असतो आणि एच१ लायसिन या अमिनो आम्लामुळे धन भाराने भरलेला असतो. जोडडीएनए जितका लांब तितका ऋण भार जास्त, आणि तो शमवायला एच१ जितका जास्त तितका तो लांब जोड पेलतो. वुडकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निरनिराळ्या पेशींचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा दर न्यूक्लिओसोममागे किती एच१ आहे आणि पुनरावृत्ती किती आहे यांत जवळजवळ सरळ रेषेचे नाते निघाले. उंदराच्या मूलपेशींत एच१ ची तीन जनुके काढून त्याचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, तेव्हा अंतर सुमारे १५ बेसजोड्यांनी आखडले. चेतापेशींत दर दोन न्यूक्लिओसोममागे साधारण एकच एच१ असतो, आणि तिथे अंतर आखूड आहे. यीस्टमध्ये त्याच्यासारखे प्रथिन आहे, पण ते थोडे असते.

कोंबडीच्या तांबड्या पेशीत एच१ च्या जोडीला एच५ नावाचा आणखी घट्ट बसणारा भाऊबंद असतो. ही पेशी रक्तात नुसती प्राणवायू वाहते, तिची जनुके जवळजवळ सगळी मिटलेली असतात, त्यामुळे क्रोमॅटिन बांधून ठेवले तरी तिचे काही अडत नाही. याच दिशेने आणखी पुढे गेलात तर सी अर्चिनचे शुक्राणू भेटतात. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला खड्ड्यांत दिसतो तो काटेरी गोळा. त्याच्या वर्गातल्या प्राण्यांच्या शुक्राणूंत पुनरावृत्ती २४० च्या आसपास जाते, कारण तिथला एच१ लांब, धनभारित शेपट्या घेऊन येतो. मात्र मासे घ्याल तर सावध राहा. पुष्कळ माशांच्या शुक्राणूंत हिस्टोनांची जागा प्रोटामाइन नावाची दुसरी प्रथिने घेतात आणि मग शिडीच दिसत नाही.

पावसची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. जांभा चिरा सरांनी सांगितल्याप्रमाणे आलेख काढला, चढ २०९.५ आला आणि बिंदू रेषेवर इतके नीट बसले की आमच्या मार्गदर्शकांनी ते पुन्हा मोजायला लावले.

एक गोष्ट मात्र मी आधी लिहिली नव्हती, कारण तो नमुना वाया गेला असे आम्ही धरून चाललो होतो. दहा मिनिटांचा नमुना उबवत असताना पावसामुळे वीज गेली. जनित्र सुरू होईपर्यंत ईडीटीए कुठे ठेवला होता ते अंधारात सापडेना, आणि क्रिया थांबवायला दहाऐवजी वीसेक मिनिटे झाली. त्याच्या पट्ट्या १४८, ३५२, ५५६ आणि ७६१ वर आहेत, पाचवी पुसट आहे. याचा चढ २०४ येतो. पहिली पट्टी १४७ च्या जवळ आली हे आता समजते, कारण टोके पुरती कुरतडली गेली. पण सरांच्या सूत्राप्रमाणे कुरतडल्याने रेषा फक्त खाली सरकायला हवी, तिचा चढ बदलायला नको. मग पाच बेसजोड्या कुठे गेल्या? आणि माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

हर्णैची_खाडी

ताई, तो नमुना टाकू नका. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

सगळे जोड एकसारखे असते तर विकराला त्यांत निवड करता आली नसती. पण ते एकसारखे नाहीत. लांब जोडात घाव घालायला जागा जास्त, त्यामुळे तो आधी तुटतो. पचन जितके लांबेल तितके लांब जोड असलेले तुकडे शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर घसरतात, आणि तीन-चार न्यूक्लिओसोमचे जे तुकडे अजून शाबूत असतात ते मुख्यतः आखूड जोडांचे असतात. त्यांच्यावरून काढलेला चढ साहजिकच कमी येतो. म्हणून ज्यांना काटेकोर आकडा हवा असतो ते एका वेळेवर विसंबत नाहीत. दोन, चार, आठ मिनिटे असे नमुने घेतात, प्रत्येकाचा चढ काढतात आणि रेषा मागे नेऊन शून्य वेळेला तो किती असेल ते पाहतात. तुमच्याकडे दोनच वेळा आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरे अर्धे उत्तर तुमच्या पहिल्याच जेलमध्ये आहे. पाचवी पट्टी पहिलीपेक्षा जाड आणि धूसर दिसते की नाही? त्याचा थोडा दोष जेलचा असला, तरी सगळा नाही. प्रत्येक जोड सरासरीपेक्षा थोडा इकडे-तिकडे असतो, आणि पाच न्यूक्लिओसोमच्या तुकड्यात असे चार फरक एकत्र साचतात. मणी मोजून ओवलेले असते तर दहावी पट्टीही पहिलीइतकीच रेखीव राहिली असती. जेल जे सांगते ती कोट्यवधी पेशींची आणि लाखो जागांची सरासरी असते.

जागेनुसारही फरक पडतो. माणसाच्या रक्तपेशींवर २०११ मध्ये वाल्युएव्ह आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात ग्रॅन्युलोसाइट पेशींची सरासरी १९३ आणि टी पेशींची २०३ निघाली. पण त्याच टी पेशींत कार्यरत जनुकांच्या परिसरात अंतर १७८ पर्यंत आखडलेले आणि मिटलेल्या भागांत २०५ पर्यंत वाढलेले सापडले. अलीकडे एकेका रेणूचे वाचनही करता येते. उघड्या डीएनएवरच्या ए अक्षरांना मिथाइल गटाची खूण करणारे विकर केंद्रकात सोडतात आणि मग हजारो बेसजोड्यांचा अखंड तुकडा वाचतात. खूण नाही तिथे न्यूक्लिओसोम होता असे समजते. २०२० पासून अशा वाचनांत दिसू लागले की एकाच जागेवर एका पेशीत रांग नीट असते तर शेजारच्या पेशीत ती विस्कटलेली असते.

जांभा_चिरा

खाडीकरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. हे फरक कसेही पडत नाहीत. डीएनएचा एक वेढा साडेदहा बेसजोड्यांचा असल्याने जोड पाचने लांबला की पुढचा न्यूक्लिओसोम जवळजवळ विरुद्ध बाजूला वळतो, आणि दहाने लांबला की पुन्हा त्याच बाजूला येतो. म्हणजे जोडाची लांबी नुसते अंतर ठरवत नाही, दिशाही ठरवते. यीस्टमध्ये जोडांच्या लांबी मोजल्या तेव्हा त्या दहाच्या पटीत पाच मिळवावेत अशा आकड्यांच्या आसपास गोळा झालेल्या आढळल्या: ५, १५, २५. सरासरी काढताना ही बारीक नक्षी पुसली जाते.

यातूनच तंतूच्या घडीचा जुना वाद उभा राहतो. फिंच आणि क्लुग यांनी १९७६ साली न्यूक्लिओसोम सोलेनॉइडसारखे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यासारखे, गुंडाळले जाऊन ३० नॅनोमीटरचा तंतू बनतो असे मांडले, दुसऱ्यांनी नागमोडी घडीचे चित्र मांडले, आणि पाठ्यपुस्तकांनी तो तंतू सगळ्या पेशींत असल्यासारखा रंगवला. २०१७ मध्ये मानवी पेशींत नव्या पद्धतीने पाहिले तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची अनियमित साखळी दिसली, ३० चा सुबक तंतू दिसला नाही. मात्र कोंबडीच्या तांबड्या पेशीत गोठवलेल्या स्थितीतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने २०११ मध्ये तो दिसला आहे. लांब जोड, भरपूर एच५ आणि मिटलेली जनुके जिथे एकत्र येतात अशा मोजक्या ठिकाणी तो सापडतो. म्हणून प्रकल्पाच्या वहीत कोंबडीचे चित्र काढून खाली सर्व सजीवांचे क्रोमॅटिन असे लिहू नका, एवढीच विनंती.

पावसची_वाट

तेच चित्र काढून ठेवले होते, आज खोडते. आमच्या गटाने ठरवले आहे की पुढच्या आठवड्यात बोकडाचे यकृत आणून त्याची केंद्रके कोंबडीच्या शेजारच्या रांगेत चालवायची. दोन, चार आणि आठ मिनिटे असे तीन नमुने घेऊ. कोंबडीत २१० आणि यकृतात १९८ धरले, तर बारा बेसजोड्यांचा फरक आमच्या दीड टक्क्यांच्या जेलवर दिसेल का, अशी शंका आहे.

हर्णैची_खाडी

पहिल्या पट्टीत दिसणार नाही, आणि तिथे शोधूही नका, कारण दोन्हीकडे कुरतडून ती १४७ कडेच चाललेली असते. फरक दर पायरीला साचतो. पाचव्या पट्टीपर्यंत तो पन्नासच्या जवळ जाईल आणि मार्कर चांगला असेल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसेल, मात्र दोन्ही नमुने एकाच जेलवर आणि पचन साधारण सारखे झालेले हवेत. यकृतात स्वतःची विकरे भरपूर असतात, तेव्हा केंद्रके काढताना सगळे बर्फावर ठेवा आणि विकर न घातलेला एक नमुना शेजारी जरूर चालवा. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए वापरत असाल तर पेशी दोनतीनदा धुऊन घ्या. मायक्रोकोकल न्यूक्लिएजला कॅल्शियम लागते, आणि ईडीटीए थोडासा जरी राहिला तरी तो ते धरून ठेवतो. कोंबडीच्या रांगेत शिडी येणार नाही आणि तुम्ही विनाकारण विकराच्या बाटलीला दोष द्याल. आणि थांबवण्यासाठीचा ईडीटीए या वेळी मोजून, उबवणपात्राच्या शेजारीच ठेवा.